सायलेन्सर चमकवण्याआधी फ्रिजवरचा चुंबक काढून आणा

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१६ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, म्हणजे आपली बुलेटच. बेंड पाइप (इंजिनातून निघून सायलेन्सरला जाणारी वाकडी नळी) इंजिनाजवळ आधी पिवळा पडला, आता निळा झालाय. मागच्या क्रोमच्या सायलेन्सरवर तांबूस ठिपके आलेत आणि तोंड काळंकुट्ट. शिवाय घरच्या पेट्रोल कारच्या मागच्या नळीवर काजळी. दसऱ्याच्या आत दोन्ही घरच्या घरी चमकवायचंय. एक मित्र म्हणतो ब्रासो, दुसरा म्हणतो संडास साफ करायचं ॲसिड, तिसरा कोक, आणि सासरे म्हणतात टूथपेस्ट.

माझं सांगायचं तर कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या कारखान्यात चार वर्षं काढली, आधी बफिंगवर (फिरत्या कापडी चाकावर पॉलिश), मग मुलाम्याच्या टाकीवर. नंतर रत्नागिरीला आलो. गेली एकोणीस वर्षं गाड्या धुणं, पॉलिश आणि कोटिंग हाच धंदा. क्रोम चढतं कसं ते तिकडे पाहिलं, खाऱ्या वाऱ्यात ते उतरतं कसं ते इथे रोज बघतो.

सर्वांत आधी ॲसिडवाल्या मित्राचं बोलू. संडासाच्या त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. कारखान्यात जुन्या पार्टवरचं क्रोम उतरवायचं असलं की आम्ही तो नेमका याच ॲसिडात बुडवायचो. बुडबुडे यायचे, द्रावण हिरवट व्हायचं आणि क्रोम साफ. म्हणजे मित्र तुम्हाला क्रोम उतरवायची रीत सांगतोय. कारची नळी स्टेनलेसची असेल तर तिलाही हे चालत नाही, त्यातल्या क्लोराइडने स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात. लिंबू आणि मीठ यांचंही तेच, जरा संथपणे. पितांबरी तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ठेवा.

कोकमध्ये थोडं फॉस्फोरिक ॲसिड असतं, हलका गंज सुटतो हे खरं. पण साखर चिकटून राहते आणि पुढच्या फेरीत तापून करपते. सासऱ्यांची टूथपेस्ट त्यातल्या त्यात निरुपद्रवी, अगदी मऊ घर्षण असतं तिचं. फक्त तासभर घासावं लागेल आणि हाताला पुदिन्याचा वास येत राहील. ब्रासोचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, कारण ते कुठे लावताय त्यावर आहे. म्हणून आधी फ्रिजवरचा चुंबक काढून आणा.

गाडीच्या मागे चमकणारी प्रत्येक गोष्ट एकाच धातूची नसते. बुलेटच्या सायलेन्सरला चुंबक कटकन चिकटेल, कारण आत साधा पत्रा आहे आणि वर निकेल-क्रोमचा मुलामा. रंगही आरशासारखा, किंचित निळसर. कारच्या नळीला चुंबक चिकटला नाही, किंवा चिकटल्यासारखा करून सुटला, तर ती बहुधा ३०४ जातीची स्टेनलेस आहे, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवाली. चिकटला आणि तरी मुलामा दिसत नसेल, पृष्ठभाग जरा राखाडी असेल, तर ४०९ सारखी स्वस्तातली स्टेनलेस. तिच्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, म्हणून ती थोडी तांबूस पडतेच. ते तिचं वयात येणं समजा. वजनाला हलकं, अजिबात न चिकटणारं आणि पांढरट मंद चमकीचं असेल तर ॲल्युमिनियम. त्याला कॉस्टिक सोडा किंवा सोडा असलेला कडक क्लीनर लागू देऊ नका, क्षणात काळं पडतं.

आणि एक गंमत. हल्ली पुष्कळ एसयूव्हींच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना चौकोनी चकचकीत तोंडं दिसतात. महिन्याला एकदोन गिऱ्हाइकं ती पॉलिश करायला सांगतात. बोटाने टकटक करा, आवाज प्लास्टिकचा येईल. ते नुसते दागिने आहेत, खरी नळी खाली वाकून लपलेली असते. त्या दागिन्यांना शॅम्पूच्या पाण्याशिवाय काही लावू नका, ब्रासो तर नाहीच.

आता क्रोम म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातलं निम्मं त्यातच आहे.

कारखान्यात सायलेन्सरचा पत्रा आधी बफवर आरशासारखा करायचे. मग तो निकेलच्या टाकीत जायचा, तिथलं पाणी हिरवंगार. अर्धा तास तरी तिथे. त्यानंतर क्रोमच्या टाकीत, तिथलं पाणी गडद तांबडं, कोकमाच्या आगळासारखं. तिथे मात्र दोनचार मिनिटंच. इतक्या वेळात जो थर बसतो तो अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ. खालचं निकेल दहावीस मायक्रॉन असतं. डोळ्याला दिसणारी चमक मुळात पत्र्याच्या पॉलिशची आणि निकेलची आहे. क्रोम वरून काचेसारखं बसून ती राखतं, एवढंच त्याचं काम.

पहिल्याच वर्षी मी एका येझदी मोटारसायकलचे दोन सायलेन्सर बिघडवले. डाग जात नव्हता म्हणून बफवर जोर देत बसलो. डाग गेला, आणि त्या जागी रुपयाएवढा पिवळसर ठिपका उगवला. मला वाटलं अजून मळ आहे, म्हणून आणखी दाबलं. ठिपका बशीएवढा झाला. आमचे उस्ताद मागून बघत होते. म्हणाले, "आता थांब. मळ कधीच गेला, आता तू निकेल बघतोयस." दोन्ही सायलेन्सर परत टाकीत घालावे लागले आणि पैसे माझ्या पगारातून गेले. तेव्हापासून क्रोमवर घासताना मी रंगावर नजर ठेवतो. निळसर चमकीत पिवळेपणा दिसायला लागला की हात आवरायचा. कितीही महाग पॉलिश आणलं तरी ते गेलेलं क्रोम परत आणत नाही, ते फक्त असलेलं साफ करतं.

तर बुलेटच्या बेंड पाइपचं.

निळा रंग हा मळ नाही. धातू तापला की त्यावर ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा येतो, आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की इंद्रधनुष्य दिसतं, तसंच. ३०४ स्टेनलेसवर साधारण ३०० अंशांना फिका पिवळा येतो, ३७० ला गडद पिवळा, साडेचारशेच्या सुमारास जांभळा आणि ५४० च्या आसपास निळा. क्रोमवरचे आकडे थोडे वेगळे असले तरी क्रम हाच. म्हणजे तुमचा पाइप पिवळ्यावरून निळ्यावर गेला याचा अर्थ तो पूर्वीपेक्षा जास्त तापतोय.

एकेरी पत्र्याचा बेंड पाइप हेडपासून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापासून, पहिल्या वीतभर लांबीत थोडा रंग धरणारच, ती बुलेटवाल्यांची जुनी तक्रार आहे. काहींना तर तो निळा रंगच आवडतो, आणि मला विचाराल तर मीही त्यातलाच. पण निळा पट्टा खाली सरकत चालला असेल तर फडकं बाजूला ठेवा आणि मेकॅनिककडे जा. तुमची गाडी कार्बोरेटरची आहे. मिक्श्चर पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की पाइप तापतो. प्लग काढून बघा. टोक चहाच्या रंगाचं असेल तर ठीक, चुन्यासारखं पांढरं असेल तर मिक्श्चर पातळ. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधलं रबर तडकलंय का बघा, तिथून हवा खेचली जाते. हेड आणि बेंड पाइपमधलं गॅसकेट गळत असेल तर फटफट असा आवाज येतो आणि आजूबाजूला काळे फराटे दिसतात. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं तरी जाळ पाइपात उतरतो. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये गाडी पाचदहा मिनिटं उभ्या उभ्या सुरू ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. हवेवर थंड होणारं इंजिन आहे, वारा लागला नाही तर पाइप तापतोच.

हे निस्तरल्यावर रंग काढायचा. बाजारात निळेपणा काढायची खास पॉलिशं मिळतात, ती मिळाली नाहीत तर ट्यूबमधलं बारीक मेटल पॉलिश घ्या. पाइप पूर्ण गार हवा. जुन्या बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळून वाटाण्याएवढं पॉलिश घ्या आणि एका वेळी तळहाताएवढीच जागा गोल गोल घासा. फडकं काळं होईल, ते चांगलं लक्षण. पिवळा सहज निघतो, जांभळ्याला घाम गाळावा लागतो, गडद निळा बऱ्याचदा पूर्ण जातच नाही. वर्षातून एकदा हे केलं तर चालेल. दर महिन्याला केलंत तर माझ्या येझदीची गोष्ट आठवा. ब्रासो इथे चालतं का? चालतं, पण आधी बाटली नीट हलवा आणि हलक्या हाताने, वर्षातून एकदाच. पोलिसांच्या पट्ट्याच्या बक्कलसाठी ते उत्तम आहे, क्रोमसाठी कामचलाऊ.

मागच्या सायलेन्सरवरचे तांबूस ठिपके वेगळं प्रकरण. क्रोमच्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतात. त्यातून पाणी खाली पत्र्यापर्यंत जातं, तिथे गंज धरतो आणि तो छिद्रातून डोकं वर काढतो. म्हणजे दिसणारा ठिपका हे टोक, मूळ खाली. आमच्या किनाऱ्यावर मीठ असतं म्हणून हे सगळं दुप्पट वेगाने होतं. आंजर्ल्याला किंवा हर्णैला दोन दिवस मुक्काम करून गेलेली पुण्याची गाडी तिसऱ्या आठवड्यात ठिपके घेऊन येते, कारण मालकाने घरी जाऊन ती धुतलेली नसते.

उपाय स्वस्त आहे. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल घ्या, तिचा लिंबाएवढा बोळा करा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यावर हलके घासा. चकचकीत बाजू वर की खाली, काही फरक पडत नाही. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, म्हणून क्रोमला ओरखडा येत नाही आणि गंज मात्र सुटतो. करड्या रंगाचा चिखल होईल. तो साध्या पाण्याने धुऊन टाका, सुकवा. भांडी घासायची तार वापरू नका, तिचे ओरखडे जन्मभर दिसतात. शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची अगदी बारीक स्टील वूल मिळाली तर तेलाचे दोन थेंब घालून वापरता येते, पण फॉइलवर भागत असेल तर तिच्या नादी लागू नका.

गंज निघाला तरी छिद्र तिथेच आहे, हे धरून चाला. फॉइलने घासून तसंच ठेवलंत तर पावसाळ्यात आठवड्याभरात ठिपका हजर. म्हणून लगेच वॅक्सचा हात फिरवायचा. सायलेन्सरच्या मागच्या अर्ध्या भागावर वॅक्स टिकतं. बेंड पाइपवर टिकत नाही, कारण गाड्यांच्या कार्नोबा वॅक्सचा वितळणबिंदूच ८५ अंशांच्या आतबाहेर. तिथे लावलंत तर पहिल्या चौकापर्यंत धूर निघेल आणि शेजारी पाणी घेऊन धावतील. चाकांसाठीचं उष्णता सोसणारं सिरॅमिक कोटिंग मिळतं, ते जरा जास्त तग धरतं. साधा पारदर्शक लॅकर मारायची आयडिया कुणी दिली तर नको म्हणा, उष्णतेने तो पिवळा पडतो आणि सोलून काढताना जीव जातो.

बोट फिरवल्यावर पापुद्रा खडबडीत लागत असेल, किंवा क्रोम नखाला उचकटत असेल, तर घरचे सगळे उपाय संपले. री-प्लेटिंग किंवा नवा सायलेन्सर. री-प्लेटिंगला टाकताना आधी विचारा की निकेल किती देणार. नुसतं क्रोम मारून दिलं तर गाडी पहिल्या पावसापर्यंतच छान दिसेल.

तुम्ही विचारलं नाही, पण पावसाळ्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या बुलेटींपैकी निम्म्यांवर काय असतं सांगू? रेनकोटची पँट. पाय टेकवताना पायाची कड सायलेन्सरला लागते, चर्रकन आवाज होतो आणि काळा किंवा निळा प्लास्टिकचा पट्टा कायमचा चिकटून बसतो. लोक तो ब्लेडने खरवडतात आणि मग ओरखडे घेऊन येतात. गाडी दोन मिनिटं सुरू करा, बंद करा. सायलेन्सर नुसता कोमट, हात ठेवता येईल न येईल इतपत. प्लास्टिक मऊ पडलं की आइस्क्रीमच्या लाकडी काडीने एका बाजूने उचलत जा, चिक्कीसारखं निघतं. राहिलेला चिकट थर गाडी पूर्ण गार झाल्यावर ॲसिटोनने, म्हणजे घरातल्या नेलपॉलिश रिमूव्हरने भिजवा. कापसाचा बोळा दहा मिनिटं त्यावर ठेवायचा, मग पुसायचं. गरम सायलेन्सरवर ॲसिटोन, थिनर किंवा पेट्रोल यांतलं काहीही आणू नका. आग लागते.

तांबड्या चिखलाचंही असंच. जांभ्याची माती गरम पत्र्यावर भाजली जाते आणि विटेसारखी बसते. कोरडी खरवडू नका. ओलं फडकं गुंडाळून पंधरा मिनिटं राहू द्या, मऊ होऊन निघते. आणि प्रवासातून आल्या आल्या गरम सायलेन्सरवर थंड पाण्याची नळी धरू नका. अर्धा तास थांबा, चहा प्या. बोअरचं पाणी तापलेल्या पत्र्यावर पडलं की पांढरे क्षार भाजून बसतात. ते व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने दोन मिनिटांत सुटतात, पण मग भरपूर पाण्याने धुवा.

आता तोंडावरच्या काजळीकडे येऊ. मी ती पुसायच्या आधी नेहमी पांढऱ्या टिश्यूने आतून एक फराटा घेतो. तुम्हीही घ्या. कोरडी, करडी किंवा तपकिरी भुकटी आली तर इंजिन ठणठणीत. कोरडी पण काळीभोर मऊ काजळी भरपूर आली तर पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर कोंदलाय का ते बघा, बुलेट असेल तर चोकही नीट परत बसतो का ते पाहा. काळी आणि तेलकट, बोटांमध्ये चोळल्यावर बुळबुळीत लागणारी आली तर इंजिन ऑइल जळतंय. तिथे पॉलिशचा काही उपयोग नाही, इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील मेकॅनिककडून बघून घ्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्या मुळातच जास्त काजळी टाकतात, त्यांच्या मालकांनी घाबरू नये. उलट बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) पाळणाऱ्या डिझेल गाडीत काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो, त्यामुळे तोंड स्वच्छ राहायला हवं. तिथे टिश्यू काळाकुट्ट झाला तर फिल्टर फुटलाय, किंवा आधीच्या मालकाने काढून टाकलाय. जुनी डिझेल गाडी घेताना ही चाचणी फुकटात होते.

कारच्या नळीला मी जे करतो ते असं. गाडी गार. नळीच्या वरच्या बंपरला मास्किंग टेप, नाहीतर पॉलिशचे काळे हात बंपरला लागतात आणि पांढऱ्या गाडीवर ते निघता निघत नाहीत. हातात रबरी मोजे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवलंय, तेव्हा ती काजळी नखांत भरून जेवायला बसू नये. मोठ्या साफसफाईला तोंडाला मास्कही लावतो. कोरडी काजळी फुंकर मारून उडवायची तर नाहीच.

आधी गाडीच्या शॅम्पूने आणि जुन्या टूथब्रशने जेवढं निघेल तेवढं काढायचं. बाहेरची बाजू सोपी असते. खरा मळ बसतो तो नळीच्या तोंडाशी आत वळवलेल्या काठाच्या मागे. तिथे काजळी आणि पाणी मिळून डांबरासारखा लगदा होतो. ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत, म्हणून मी बांबूच्या काडीला फडकं गुंडाळतो. डांबरावर थोडं रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावून दहा मिनिटं सोडायचं, पुसायचं आणि शॅम्पूने परत धुवायचं. आत दोन इंचांपलीकडे जाऊ नका. तिकडे कुणी बघत नाही आणि आठवड्यात परत काळं होतं.

मग पॉलिश. स्टेनलेसचा स्वभाव क्रोमपेक्षा उदार असतो, कारण ती आतपर्यंत तीच धातू आहे, घासून खालून दुसरं काही निघत नाही. मेटल पॉलिश सुती फडक्यावर घेऊन बिनधास्त घासा. एकच सावधानता: साधी लोखंडी स्टील वूल स्टेनलेसवर फिरवली तर तिचे कण रुतून बसतात आणि चार दिवसांनी तेच गंजतात. मग लोक म्हणतात स्टेनलेस गंजली. त्यामुळे इथे स्टेनलेसचीच वूल, किंवा दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून. नळीवर बारीक समांतर रेषा असतील, म्हणजे ती मुद्दाम मंद फिनिशची असेल, तर रेषांच्या दिशेनेच घासा. आडवं घासलंत तर ठिगळ मारल्यासारखं दिसतं.

खोल ओरखडे असतील तर क्रम पाळावा लागतो: चारशे, आठशे, पंधराशे, दोन हजार. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसतं. घाईत आठशेवरून थेट पॉलिशवर उडी मारणाऱ्यांना चकचकीत ओरखडे मिळतात. शेवटी ड्रिलला कापडी बफ लावून, पॉलिशची हिरवी वडी टेकवून फिरवायचं. बफ काठावरून बाहेर निघत जाईल असा धरा. काठावर समोरून धरलात तर तो कड पकडतो आणि ड्रिल मनगट पिरगाळतं. डोळ्यांना चष्मा हवाच. ड्रिल चालवताना मात्र हातमोजे काढून ठेवा, ते बफमध्ये गुंततात. मास्क राहू दे.

स्टेनलेसला किनाऱ्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात. ते वरवरचे असतात, पॉलिशने जातात. गोडं पाणी दर आठवड्याला मारलं की पडतही नाहीत.

घरची स्प्लेंडर किंवा पल्सर यात ओढू नका, ही विनंती. त्यांचे काळे मॅट सायलेन्सर रंगवलेले असतात. त्यांना पॉलिश म्हणजे काळ्यावर पांढरे ढग. साबणपाणी, कोरडं फडकं, बस्स. रंग उडाला असेल तर गंज वॉटर पेपरने काढून सहाशे अंशांपर्यंत टिकणारा सिलिकॉनचा काळा स्प्रे पातळ थरांत मारा. तो हवेत सुकतो, पण पक्का होतो गाडी चालवून तापल्यावरच. पहिल्या फेरीत वास येईल, काळजी करू नका.

चमक टिकवायची असेल तर बाहेरून पुसण्याइतकंच आतल्या पाण्याकडे लक्ष द्या. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने नळीतून जातं. सीएनजीत त्याहून जास्त, म्हणून सकाळी सीएनजी गाडीच्या नळीतून थेंब गळताना दिसतात. घर ते स्टेशन दोन किलोमीटर, एवढीच गाडी चालत असेल तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही, वाफ आत थिजते आणि पत्रा आतून कुजतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधक ५० वरून १० पीपीएमवर (म्हणजे दहा लाखांत दहा भागांवर) आलं, त्यामुळे त्या पाण्यातला आम्लपणा कमी झालाय, पाणी मात्र तेवढंच. आठवड्यातून एकदा वीसपंचवीस किलोमीटर सलग फिरवा. बऱ्याच सायलेन्सरच्या पोटाला खाली एक बारीक भोक असतं, ते पाणी गळण्यासाठी. "गळतंय" म्हणून ते वेल्डिंगने बुजवून आणलेल्या गाड्या मी पाहिल्यात. त्याच गाड्या दीडदोन वर्षांत पोट फुटून परत येतात. गाडी धुताना तोंडात पाणी गेलं असेल तर धुऊन झाल्यावर दहा मिनिटं चालवून आणा. बंद गॅरेजमध्ये उभी ठेवून सुरू करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तुमच्या बुलेटला एकूण अर्धा दिवस द्या, कारला पाऊण तास. दसऱ्याच्या आदल्या रविवारी करा, आदल्या रात्री नको. आदल्या रात्री घाईत पॉलिश पुसायचं राहतं आणि सकाळी पाइप तापला की पॉलिशचा पांढरा राप भाजून बसतो. नवीन बेंड पाइप टाकलात तर पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर मेकॅनिकच्या बोटांचे तेलकट ठसे कायमचे त्यावर छापले जातात. पूजेच्या हळदकुंकवाचंही तेच. घरातल्यांना सांगा की टाकीवर, हेडलाइटवर, चाकावर हवं तेवढं लावा, फक्त बेंड पाइप सोडा. तरी लावलंच तर किक मारण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्या.